वेगाला लगाम, वाहनाला विसावा

आश्विन शुद्ध नवमीचा दिवस उजाडला की मराठवाड्यातील घराघरांत अवजारे देवापुढे येतात. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, गृहिणीची विळी आणि विद्यार्थ्याची लेखणी या साऱ्यांना खंडेनवमीस एकाच पंक्तीत हळदकुंकू लाभते. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीस, दारातील वाहनाला झेंडूची माळ चढते. ज्याच्या बळावर आपला संसार चालतो त्यापुढे वर्षातून एकदा नम्र व्हावे, हा या आचारातील भाव होय. परंतु माळ दोन दिवसांत सुकते आणि वाहन तर वर्षभर रस्त्यावर धावत असते. त्या उरलेल्या दिवसांतील पूजा कोणती, हा विचार आम्हांस एका मोटारीच्या दीर्घ सहवासाने करावयास लावला. तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वाहनाचा मान

आपल्या धर्मात वाहनाला मान आहे, तो सेवेमुळे. शिवालयात पिंडीचे दर्शन घेण्यापूर्वी आपण नंदीच्या पाठीवर हात ठेवतो. जगदंबा सिंहावर आरूढ आहे. त्या सिंहाचे बळ प्रचंड खरे, पण ते देवीच्या आज्ञेत आहे, म्हणूनच त्याला पूजेत स्थान आहे. कठोपनिषदात देहाला रथाची, इंद्रियांना घोड्यांची, मनाला लगामाची आणि बुद्धीला सारथ्याची उपमा दिलेली आहे. रथ कितीही उत्तम असो, सारथी सावध नसेल तर घोडे त्याला वाटेल तिकडे नेतात, हे त्या रूपकाचे सार आहे.

आमच्या भागात हा विचार ग्रंथातच राहिला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळले जाते. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत आणि पुरणपोळीचा घास आधी त्याला देतात. नांदेडला तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे विजयादशमीची मिरवणूक निघते तेव्हा तीत घोड्यांचा मान मोठा असतो. श्रीगुरू गोविंदसिंगांच्या घोड्यांच्या वंशातील म्हणून तेथील घोड्यांची निगा श्रद्धेने राखली जाते. नांदेड-लातूर रस्त्यावरील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. तेथील घोड्यांच्या बाजारात जाणता माणूस आधी दात, खूर आणि पायांचे सांधे पाहतो. झुलीकडे त्याचे लक्ष नंतर जाते. मोटार घेणाऱ्यानेही हाच धडा गिरवावा.

घरी आलेला घोडा

एक काळ असा होता की नांदेड-लातुरात मोटार म्हटली म्हणजे 'ॲम्बेसेडर' किंवा 'फियाट'. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली 'पद्मिनी' डॉक्टर-वकिलांच्या दारी दिसे. वेग हा त्या मोटारींचा गुण मानला जात नसे. पुढे काळ पालटला. औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथे स्कोडाच्या मोटारी २००१ पासून तयार होऊ लागल्या. २००४ साली 'ऑक्टाविया आरएस' ही १५० अश्वशक्तीची टर्बो पेट्रोल मोटार भारतात आली. चार दारांची, कुटुंबास पुरेशी, मागे सामानाची पेटी असलेली आणि तरीही शर्यतीच्या घोड्यासारखी तडफ असलेली मोटार मध्यमवर्गीयाच्या स्वप्नात शिरली ती या सुमारास.

त्याच जातीची एक लहान मोटार २०११ च्या विजयादशमीस आमच्या दारी आली. तिचे अथवा तिच्या कारखान्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण या लेखात जाहिरातही नाही आणि तक्रारही नाही. इंजिन चौदाशे घनसेंटिमीटरचे, पेट्रोलवर चालणारे, टर्बो जोडलेले. आजवर ती सुमारे एक लाख साठ हजार किलोमीटर चालली. आमचे वास्तव्य नांदेडला, आप्तेष्ट लातूरकडे आणि कुलस्वामिनी तुळजापूरची. त्यामुळे तिचा बहुतेक प्रवास एकाच वाटेवर झाला.

टर्बो म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वाया जातो. टर्बोमध्ये तोच धूर एक लहान चक्र फिरवतो. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरेही घेऊ शकते आणि त्याच्या जोरावर जादा हवा दाबून इंजिनात भरली जाते. हवा अधिक, म्हणून इंधनाचे ज्वलन अधिक, म्हणून लहान इंजिनातून मोठ्याचे बळ. आमच्या मोटारीत दोन हजार फेऱ्यांच्या खाली हे बळ जणू पेंगत असते. त्या सीमेपलीकडे ते एकाएकी जागे होते आणि पाठ आसनाला टेकते. पहिल्या वर्षी या जागृतीचे मोठे कौतुक वाटे. पुढे ध्यानात आले की ट्रक ओलांडून सुखरूप आपल्या बाजूस येणे हाच तिचा खरा उपयोग आहे.

काळ्या मातीची वाट

आमच्या दोन्ही जिल्ह्यांची माती बहुतांशी काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात आणि वर बांधलेला डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. ज्या मोटारीची तळाची उंची बेताची, तिला हा रस्ता सोसवत नाही. पाच माणसे आणि नैवेद्याचे डबे घेऊन निघालो की खेड्यातील गतिरोधकावर तळ घासल्याचा आवाज ठरलेलाच. तो चुकविण्यासाठी गतिरोधक तिरपा ओलांडावा आणि सामान भरताना जड वस्तू अगदी मागे न ठेवता आसनांच्या जवळ ठेवाव्यात, हे अनुभवाने शिकलो. पहिल्या आठ वर्षांत पुढच्या चाकांचे धक्काशोषक आणि सांध्यांतील रबरी बुशिंगे दोनदा बदलावी लागली. पुढे तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाला आणि मोटारीच्या हाडांना उसंत मिळाली.

धूळ आणि ऊन हे दुसरे दोन शत्रू. वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. टर्बोला हवा मुबलक लागते, म्हणून हवेची जाळी धुळीने गच्च झाली की बळ घटते आणि पेट्रोल जास्त जाते. पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्या अंतरावरच आम्ही ती जाळी बदलतो. टायरांची नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांत उन्हाने रबर कडक होते, तेव्हा नक्षीवर विसंबून राहू नये. इंजिनातील टायमिंगचा पट्टा हा तर प्राणाचा धागा. तो तुटला तर इंजिन आतून मोडते, म्हणून किलोमीटर भरले नसले तरी वर्षे भरताच तो बदलून घ्यावा.

पेट्रोलचा हिशेब असा. ताशी ऐंशीच्या आसपास शांतपणे गेल्यास लिटरला चौदा किलोमीटर, घाई केली तर दहा-अकरा. २०२५ साली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल सर्वत्र आले. इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी, त्यामुळे सरासरीत थोडी घट होणारच. जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनविलेल्या नसतात, म्हणून आमच्या मिस्त्रींच्या सल्ल्याने त्या तपासून बदलून घेतल्या. हे इथेनॉल आपल्याच भागातील उसापासूनही होते आणि त्या उसाला पाणी किती लागते, हे मांजराकाठच्या माणसाला वेगळे सांगावयास नको.

पाण्यावरून आठवले. २०१६ चा गुढीपाडवा ८ एप्रिलला होता. साडेतीन मुहूर्तांपैकी हाही एक आणि वाहनपूजेचा प्रघात या दिवशीही आहे. परंतु लातूरच्या नळांना पाणी नव्हते. चारच दिवसांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी लातुरात आली. अशा दिवसांत मोटारीवर बादल्या ओतणे हे पाप ठरले असते. आम्ही ओले फडके पिळून मोटार पुसली आणि चिमूटभर कुंकू लावले. देवाने ती पूजा कमी लेखली असेल असे आम्हांस वाटत नाही. तेव्हापासून पाणी असतानाही आमची मोटार एका बादलीत धुतली जाते.

घाट आणि निद्रा

नवरात्रात आम्ही दोन वाऱ्या करतो, एक माहूरची आणि दुसरी तुळजापूरची. साडेतीन शक्तिपीठांपैकी ही दोन पीठे मराठवाड्यात, एक पूर्व टोकाच्या डोंगरांत आणि एक बालाघाटावर. नांदेडहून अर्धापूर, हदगाव, उमरखेड मार्गे माहूरला जाताना शेवटी वनराजीतील चढण लागते. येथे टर्बोचे सामर्थ्य खरोखर कामास येते. भरलेली मोटार चढावर धापा टाकीत नाही. उतरताना मात्र ब्रेकवर पाय दाबून धरू नये, खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्याच रोधाने उतरावे. ब्रेक तापले की पकड सुटते, आणि घाटात ती सुटणे म्हणजे सर्वस्व सुटणे.

माहूर हे श्रीदत्तप्रभूंचे निद्रास्थान मानले जाते. तुळजापुरी तर देवीच्या निद्रांचा स्वतंत्र विधीच आहे. नवरात्रापूर्वी भाद्रपदात घोर निद्रा. नऊ दिवस महिषासुराशी युद्ध, दशमीस सीमोल्लंघन, आणि मग नगर जिल्ह्यातून आलेल्या पलंगावर देवी पौर्णिमेपर्यंत निद्रा घेते. तिला श्रमनिद्रा म्हणतात. आदिशक्तीलाही श्रमानंतर विसावा द्यावा, इतकी नाजूक जाणीव आपल्या पूर्वजांनी या विधीत जपली आहे.

टर्बोच्या मोटारीला नेमक्या याच जाणिवेची गरज असते. लांबची धाव संपवून एकदम चावी फिरविली की तेलाचा प्रवाह थांबतो, तापलेल्या दांड्यावरील तेल जळून त्याची काजळी होते आणि टर्बोचे आयुष्य घटते. म्हणून मुक्कामाच्या आधी काही अंतर वेग मंद करावा आणि थांबल्यावर मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवून मग बंद करावे. सकाळी निघतानाही तेल सर्वत्र पोहोचेपर्यंत जोर लावू नये. आमच्या घरी या मिनिटाला 'श्रमनिद्रा' असेच नाव पडले आहे. तेवढ्यात मागच्या आसनावर हात जोडले जातात, पादत्राणे सापडतात, पूजेचे ताट बाहेर निघते. एक लाख साठ हजार किलोमीटरनंतरही मूळचा टर्बो शाबूत आहे, त्याचे श्रेय आम्ही या एका मिनिटाला देतो.

देवीच्या वाटेवरची पाउले

आता या लेखातील मुख्य गोष्ट. घटस्थापनेच्या आधी गावोगावची तरुण मंडळी तुळजापूरहून भवानीज्योत घेऊन निघतात. एकाच्या हाती पेटती ज्योत, तो धावतो आहे, थकला की दुसरा ती घेतो, मागे मंडळाचे वाहन हळूहळू येते आहे, असे दृश्य रात्री-अपरात्री रस्त्यावर दिसते. नवरात्रात आणि विशेषतः कोजागरीच्या सुमारास हजारो भाविक अनवाणी तुळजापूरची वाट चालतात. त्यांत म्हाताऱ्या आहेत, कडेवर लेकरू घेतलेल्या माउल्या आहेत. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक या काळात दुसरीकडे वळविली जाते, इतकी ही गर्दी असते. इतर वाटांवर पायी चालणारा आणि मोटार एकाच रस्त्यावर असतात.

चौपदरी महामार्गावर मोटारींना ताशी शंभर किलोमीटरची कमाल मर्यादा २०१८ च्या अधिसूचनेने ठरली. या वेगात मोटार एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर जाते. डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढे अंतर सरते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबण्याचे अंतर चौपट होते. अंधारात काळसर वस्त्र ल्यालेला वाटसरू दिव्यांच्या झोतात येतो तेव्हा हे गणित सुधारण्यास वेळ उरलेला नसतो. मोटारीचे बळ जितके अधिक, तितका हा धोका गोड वाटणारा. तडफदार मोटार ताशी शंभरावर असतानाही आत बसलेल्यास साठावर असल्याचा भास होतो. तिचा गुण आणि तिचा दोष तो हाच.

आमच्या मातोश्रींनी तरुणपणी ही वाट पायी केलेली आहे. मोटार घरी आली त्याच वर्षी त्यांनी नियम घालून दिला की नवरात्रात लातूरच्या पुढे साठाच्या वर जायचे नाही. त्यांचे शब्द असे: "अरे, घोडा झकास आहे. पण देवीच्या वाटेवर त्याला माणसाच्या पावलानं चालता आलं पाहिजे." आम्ही हा नियम आजवर पाळला. त्यामुळे पाऊण तासाचा प्रवास दीड तासाचा झाला असेल, पण दर्शनाच्या रांगेत जेथे पाच-सहा तास जातात, तेथे या अर्ध्या-पाऊण तासाची मातब्बरी ती काय! उलट मंद गतीने जाताना रस्त्याच्या कडेची भजने ऐकू येतात, कोणाला पाणी देता येते, कोणा थकल्या माउलीला पुढच्या गावापर्यंत बसवून घेता येते. कित्येक जणी नम्रपणे नकार देतात, कारण नवस पायीच फेडायचा असतो. अशा नकारापुढे मोटारीचे सारे बळ लहान वाटते.

पूजा करताना

दसऱ्याच्या पूजेविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. झेंडूची माळ पुढच्या जाळीवर दाट बांधून वाहन चालवू नये, हवा अडून इंजिन तापते. क्रमांकाची पाटी आणि दिवे झाकले जाऊ नयेत. समोरच्या काचेवर स्वस्तिक काढणे असेल तर ते चालकाच्या दृष्टीआड, कोपऱ्यात काढावे. हळदकुंकवाची बोटे रंगावर दिवसेंदिवस राहिली तर डाग पडतो, दुसऱ्या दिवशी ती मऊ फडक्याने पुसावीत. कापूर आणि निरांजन पेट्रोलच्या टाकीपासून दूर असावे. चाकाखाली लिंबू चिरडल्यावर आणि नारळ फोडल्यावर करवंटीचे तुकडे रस्त्यातून उचलावेत, नाहीतर आपल्या मंगलाचा काटा शेजाऱ्याच्या दुचाकीला बोचतो. आणि पूजेपूर्वी टायरांतील हवा, ब्रेकचे तेल, दिवे व वायपर एकदा पाहून घ्यावेत. तीही पूजाच.

पंधरा वर्षांनंतर

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. २०११ ला नोंदलेल्या मोटारींची पंधरा वर्षे २०२६ मध्ये पुरी होतात. आमच्या घरी यावर बराच खल झाला. मुलांचे म्हणणे असे की आता उंच बैठकीची नवी मोटार घ्यावी. ते खोटे नव्हते. या जातीच्या मोटारीत आसन खोल असते, बसताना वाकावे लागते आणि उठताना गुडघ्यांवर भार येतो. मातोश्री ऐंशी ओलांडून गेल्या आहेत. अलीकडे त्यांना दोन्ही हात धरून बाहेर काढावे लागते. सुटे भागही पूर्वीसारखे नांदेडात मिळत नाहीत, हैदराबादेहून मागवावे लागतात आणि तोवर मोटार आठ-आठ दिवस मिस्त्रींकडे उभी राहते.

आम्ही निर्णय मातोश्रींवर सोपविला. त्यांनी आधी एवढेच विचारले की मोटार धोक्याची झाली आहे काय. मिस्त्रींनी सांगितले की ब्रेक, चाके, सांगाडा सारे नीट आहे. "मग राहू दे," त्या म्हणाल्या. "आपल्या घरी म्हातारा बैल पोळ्याच्या तोंडावर कधी विकला नाही. मला चढाउतरायला एक पाट करा." सुताराकडून सागवानी पाट करून घेतला. तो आता मागच्या पेटीत, नारळाच्या पिशवीशेजारी असतो. नोंदणी वाढविण्याचे ठरले. ज्या दिवशी तपासणीत मोटार उणी ठरेल, त्या दिवशी तिला सन्मानाने निरोप द्यावयाचा, हेही त्याच बैठकीत ठरले. आपल्या मायेपोटी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणासच नाही.

नवे वाहन घेणाऱ्यांचा आनंद आम्ही उणा मानीत नाही. दसरा हा मुहूर्तच तसा आहे, आणि यंदाही नांदेड-लातूरच्या कित्येक दारांत नव्या मोटारी उभ्या राहतील. त्या घरांना आमचे एवढेच सांगणे की माळ घालताना दोन संकल्प सोडावेत. वाहनाला वेळेवर विसावा आणि निगा देऊ, आणि रस्त्यावर पायी चालणाऱ्यात देवीचाच भक्त पाहू. सीमोल्लंघन वेशीचे करावे, वेगाच्या मर्यादेचे करू नये.

आई तुळजाभवानी आणि माहूरची रेणुकामाता सर्व वाटसरूंना सुखरूप घरी आणोत. आपट्याच्या पानांसह वाचकांना विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा!